नऊ हजार ल्युमेन्स आणि मोडीचं एक पत्र

मी मोडी लिपी शिकवते. शनिवारी दादरला, रविवारी सकाळी गिरगावात, दोन्हीकडे तासावर भाड्याने मिळणाऱ्या हॉलमध्ये. वर्गात अठरा-वीस जण असतात. निम्मे निवृत्त, घरच्या ट्रंकेत सापडलेले आजोबांचे कागद वाचायचेत म्हणून आलेले. उरलेले इतिहासाचे विद्यार्थी. इतकी वर्षं मी झेरॉक्स वाटत आले. झेरॉक्समध्ये मोडीचं पार वाटोळं होतं. शाई, कागदावरचे डाग, वाळवीने खाल्लेली भोकं, सगळं एकाच काळ्या रंगात येतं आणि मग "मॅडम, हा डाग आहे की अनुस्वार?" यावर पंधरा मिनिटं जातात. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉपवर मूळ स्कॅन उघडायचा, आणि अठरा माणसांनी चौदा इंचांच्या पडद्याभोवती, शवदर्शनाला जमल्यासारखी गर्दी करायची.

गेल्या दिवाळीनंतर ठरवलं, प्रोजेक्टर घ्यायचा. फीमधून बाजूला ठेवलेले पंधरा हजार होते. नवऱ्याने आपणहून तीन हजार घालायची तयारी दाखवली. त्याची अट एकच, संध्याकाळी मॅच असेल तेव्हा प्रोजेक्टर घरी हवा.

पहिली चूक मी तीन दिवसांत केली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर एक प्रोजेक्टर मागवला. साडेसहा हजार रुपये. डब्यावर ९००० ल्युमेन्स, '४के सपोर्ट', २०० इंचांचं चित्र आणि एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. त्या फोटोत खिडकीतून लख्ख ऊन येतंय आणि भिंतीवर डोंगर-समुद्र झगझगीत दिसतोय. आता वाटतं, त्या फोटोवरूनच शहाणं व्हायला हवं होतं.

तो आला, लावला. सिनेमाचा ट्रेलर ठीक दिसला. मुलगी खूश. मग मी माझं पत्र लावलं. माझ्याकडे शिकवण्यासाठी ठेवलेले दोन स्कॅन आहेत. एक पेशवेकालीन, बोरूने लिहिलेलं, ठसठशीत. दुसरं आंग्लकालीन, टाकाने लिहिलेलं, म्हणजे केसासारखी बारीक रेघ आणि घाईत मोडलेलं अक्षर. बोरूचं पत्र कसंबसं लागत होतं. टाकाच्या पत्रात मात्र ओळीच्या ओळी केसाळ सुरवंटासारख्या दिसायला लागल्या. मधली अक्षरं फोकस केली की कोपऱ्यातली विरघळायची, कोपरे नीट केले की मधली. शिवाय प्रत्येक अक्षराच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार, पैठणीला असते तशी.

भाच्याला फोन केला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला असल्या गोष्टींचा नाद आहे. त्याने एकच विचारलं, "मावशी, नेटिव्ह किती आहे? म्हणजे त्याचे स्वतःचे खरे ठिपके?"

डबा उलटासुलटा केला. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं, ८०० बाय ४८०. 'सपोर्ट' म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. मोठं चित्र तो घेतो, नाही म्हणत नाही, पण आत चित्र उमटवणारी जी काचेची पट्टी असते, तिच्यावर ठिपके आहेत तेवढ्यातच कोंबतो. पाहुणे वीस आले तरी ताटं आठच. हिशोब सोपा आहे. माझ्या पत्राच्या एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं. ओळ पडद्याच्या पूर्ण रुंदीला लावली तर ८०० ठिपक्यांत एका अक्षराच्या वाट्याला वीस येतात. फुल एचडीचे १९२० ठिपके असले तर अठ्ठेचाळीस. वीस ठिपक्यांत छापील देवनागरी वाचता येईल. हात न उचलता ओढलेलं मोडी अक्षर, ज्यात सगळा फरक एका वळणाचा, ते नाही वाचता येत.

प्रोजेक्टर परत गेला. न्यायला आलेल्या मुलाने पिशवीत घालताना विचारलं, "ल्युमेन्स का?" म्हटलं, हो. म्हणाला, "सगळे त्यावरच परत करतात."

मग मी महिनाभर काहीच विकत न घेता फक्त वाचलं आणि विचारलं. त्यात ल्युमेन्सचं प्रकरण मला सगळ्यात रंजक वाटलं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण बाहेर पडणारा उजेड. लक्स म्हणजे तो उजेड पसरल्यावर एका चौरस मीटरला किती मिळाला. एक हजार रुपये आणि माणशी किती आले, एवढाच फरक. प्रोजेक्टरचे ल्युमेन्स मोजायची एक जुनी, प्रामाणिक रीत आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या नावावरून तिला 'अ‍ॅन्सी' ल्युमेन्स म्हणतात. पांढरं चित्र भिंतीवर पाडायचं, त्याचे उभे तीन आडवे तीन असे नऊ सारखे चौकोन कल्पायचे, प्रत्येकाच्या मध्यभागी लक्स मोजायचे, नऊंची सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायची. झालं. कोपरे अंधारे असतील तर सरासरी आपोआप खाली येते, लपवायला जागा नाही. डब्यांवरचे नऊ हजार, बारा हजार हे आकडे या रीतीने काढलेले नसतात. आतला एलईडी दिवा उघडा, भिंग-काच-पट्टी काही न लावता किती उजेड देईल, असा काहीतरी आकडा असतो. कधी तोही नसतो, नुसता आकडा असतो.

आणि ही गोष्ट घरी मोजता येते! अँड्रॉइड फोनमध्ये कानाजवळ उजेड ओळखणारं सेन्सर असतं आणि लक्स दाखवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. फोन म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, आकडा थोडा इकडेतिकडे होणार. पण एकाच फोनने दोन प्रोजेक्टर मोजले तर कोण किती पाण्यात आहे ते कळतंच. शिवाय एक सोय आहे. कर्णात ६० इंचांचं चित्र असेल तर ते १३३ सेंटिमीटर रुंद आणि ७५ उंच भरतं, म्हणजे जवळपास बरोबर एक चौरस मीटर. त्यामुळे गुणाकारसुद्धा करायला नको. सरासरी लक्स म्हणजेच ल्युमेन्स.

हे कळल्यावर मला इतका हुरूप आला की शनिवारचा वर्ग संपवून, भाच्याला दादरला बोलावून, तशीच ग्रँट रोडला गेले.

लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा. मी कॉलेजात असताना इथे कॅसेट प्लेअरचा पट्टा घ्यायला यायचे. आता सीसीटीव्हीची दुकानं जास्त. तिसऱ्या-चौथ्या दुकानात प्रोजेक्टर मांडलेले दिसले. झेब्रॉनिक्स, पोर्ट्रॉनिक्स, ईगेट ही नावं ओळखीची होती, बाकी डब्यांवर जी नावं होती ती आज आहेत आणि उद्या नसतील. एप्सन आणि बेनक्यू वरच्या फळीवर, माझ्या बजेटच्याही वर.

दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात चष्मा. "ताई, हा घ्या. नऊ हजार ल्युमेन्स."

"मोजू का?"

"काय मोजणार?"

भाच्याने पाठपिशवीतून शिंप्याची टेप काढली. दुकानदाराने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आई माझ्या आत्याकडे पाहायची, आत्या भाजीवाल्याच्या काट्यावर आधी घरून आणलेलं वजन ठेवायची तेव्हा. पण शनिवार दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, आणि माणूस मुळात हौशी निघाला. त्याने पोऱ्याला हाक मारून शटर अर्ध्यावर ओढायला लावलं. आतल्या पांढऱ्या प्लायवर चित्र पाडलं. टेपने १३३ बाय ७५ जुळवून घेतलं. आधी पूर्ण काळं चित्र लावून दुकानात शिरणारा उजेड मोजला, तो प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग पांढरं.

मी फोन प्लायला टेकवून धरत होते, भाचा आकडे बिलाच्या कागदावर मागच्या बाजूला लिहीत होता. मध्ये २४०. डावीकडे १९०, उजवीकडे २००. वर १७५, खाली १८५. चार कोपरे १२०, १३०, ११०, १२५. बेरीज १४७५. भागिले नऊ.

"एकशे चौसष्ट," भाचा म्हणाला.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला, बेरीज स्वतः पुन्हा केली. मग डब्यावरच्या ९००० वर बोट ठेवून म्हणाला, "हे कंपनी लिहिते. मी नाही लिहीत."

खरं तर मला तो माणूस तेव्हाच आवडला. त्यानंतर त्याने विकायचं सोडून दिलं आणि आमच्याबरोबर मोजायलाच बसला. एकेक प्रोजेक्टर खाली उतरवत गेला. एकावर '४०० अ‍ॅन्सी' लिहिलं होतं, बाकीच्यांच्या मानाने दिसायला गरीब आकडा. तो भरला ३३८. दुसरा, दिसायला देखणा, लिहिलेले ३००, भरले १९०. एकाचं भिंग इतकं तिरपं बसलं होतं की डावी बाजू उजवीच्या दुप्पट उजळ. पोऱ्या तोवर चहा घेऊन आला.

एक खूण सांगून ठेवते. जो प्रोजेक्टर 'अ‍ॅन्सी' किंवा 'आयएसओ' असं लिहून लहान आकडा देतो, तो निदान खऱ्याच्या आसपास असतो. नुसतं 'ल्युमेन्स' आणि पुढे चार-पाच आकडी संख्या असेल तर ती सोडून द्यायची.

मग ठिपक्यांची परीक्षा. भाच्याने लॅपटॉपवर एक चित्र बनवून आणलं होतं, १९२० बाय १०८० मापाचं, त्यात एक ठिपका काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघा. वायर लावायची, चित्राचा तिरपेपणा सुधारणारं 'कीस्टोन' बंद करायचं, प्रोजेक्टर भिंतीला अगदी काटकोनात ठेवायचा आणि जवळ जाऊन पाहायचं. खरोखर १९२० ठिपके असतील तर रेघा सुट्या दिसतात. नसतील तर सगळं करडं होतं किंवा त्यात लाटा उमटतात, विटलेल्या टेरिकॉटच्या शर्टासारख्या. 'फुल एचडी' लिहिलेल्या पाचांपैकी दोघांत लाटा आल्या. एकाच्या बाबतीत दुकानदारालाही धक्का बसला, कारण तोच त्याच्या स्वतःच्या घरी होता.

शेवटी टाकाचं पत्र लावलं. ३३८ वाल्यावर ते वाचता आलं. कोपऱ्यात किंचित मऊ, पण वाचता आलं. दुकानदार वाकून बघत होता. "हे काय, गुजराती?"

"मराठीच. मोडी."

"आमच्या आजोबांच्या चोपड्या अशाच होत्या," तो म्हणाला. त्या चोपड्यांची लिपी बहुधा वेगळी असणार, पण म्हटलं, कधी आणून दाखवा.

किंमत सतरा हजार आठशे सांगितली. बिलाशिवाय सोळा. मी बिल घेतलं, कारण वॉरंटीचं भांडण बिलाशिवाय लढता येत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, त्यामुळे त्याआधीच्या किमती धरून कुणी घासाघीस करत असेल किंवा जुना माल जुन्या भावाने गळ्यात मारत असेल तर बिलावरची टक्केवारी वाचायची. मी वाचली. सतरा हजार दोनशेवर तुटलं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. सहा महिन्यांत ते बंद होऊन त्याच खोक्यात दुसरंच काही यायला लागेल.

घेण्याआधी दोन पर्याय मनात घोळत होते, तेही सांगते. एक, ऑफिसांतून निघालेला जुना मोठा प्रोजेक्टर. उजेड भरपूर, अडीच-तीन हजार खरे ल्युमेन्स, आणि सेकंडहँड आठ-दहा हजारांत. पण त्यात पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, तो काही हजार तासांत संपतो, नवा दिवा महाग, आणि वजन तीन किलोच्या घरात. शिवाय बहुतेकांचे ठिपके १०२४ बाय ७६८. दोन, बॅटरीवाला चिमुकला प्रोजेक्टर, पाण्याच्या बाटलीएवढा. फार गोंडस. पण बॅटरीवर आला की बरेच जण उजेड आपणच कमी करतात, आणि माझ्या दोन्ही हॉलमध्ये प्लग आहे. बॅटरीचे पैसे मी उजेडात घातले. त्या चिमुकल्यांत पुष्कळदा डीएलपी तंत्र असतं, ते लाल-हिरवा-निळा रंग एकामागून एक भरभर फेकतं. काही जणांच्या डोळ्यांना नजर फिरवताना इंद्रधनुष्य चमकून जातं. मला नाही दिसत. भाच्याला दिसतं.

घरी आणल्यावर वजन केलं, खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर. प्रोजेक्टर एक किलो सहाशे. त्याचा विजेचा अडॅप्टर चारशे. एचडीएमआयची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, लॅपटॉप, लॅपटॉपचा चार्जर धरून पाच किलोच्या वर. 'पोर्टेबल' या शब्दाची किंमत गोरेगावहून सकाळी साडेआठची चर्चगेट स्लो पकडताना कळते. भिंगाला धक्का लागू नये म्हणून सासूबाईंनी त्यांचा जुना सुती पंचा दिला, त्यात गुंडाळून नेते. त्यांनी पंचा देताना म्हटलं, "बाळंत्यासारखा धरलायस."

आता भिंत. दादरच्या हॉलची भिंत पिस्ता रंगाची आहे आणि तिच्यावर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. पडदा हवाच. तयार पडदा तीन हजार, शिवाय त्याची सात फुटी नळकांडी लोकलमध्ये कुणी चढू देणार नाही. मंगळदास मार्केटात गेले. पडद्यांना आतून लावतात ते ब्लॅकआउटचं पांढरं कापड मागितलं, ज्यातून उजेड पलीकडे जात नाही. पन्हा ५४ इंच. दोन मीटर घेतलं, साडेचारशे रुपये. घराजवळच्या आल्टरवाल्याकडे दोन्ही टोकांना दुमड घालून घेतली, त्यात वायरिंगचे पीव्हीसीचे पाइप जातात, दोन तुकडे जोडून. पहिल्या आठवड्यात मी ते कापड घडी घालून नेलं आणि पत्राच्या मधोमध चार घड्यांच्या रेघा आल्या. एका काकांनी त्या मूळ कागदाच्या समजून वहीत नोंदवल्या. तेव्हापासून गुंडाळून नेते.

पहिला वर्ग फसला.

दुकानात शटर अर्ध्यावर होतं. दादरच्या हॉलमध्ये चार मोठ्या खिडक्या आणि सहा ट्यूबलाइट. मी हौसेने ऐंशी इंचांचं चित्र पाडलं आणि पत्र धुक्यात गेल्यासारखं दिसलं. कागद दिसतोय, शाई नाही. तिथे उभ्या उभ्या एक गोष्ट डोक्यात शिरली, जी महिनाभर वाचूनही शिरली नव्हती. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. अक्षर म्हणजे जिथे उजेड पडला नाही ती जागा. आणि तिथे ट्यूबलाइटचा उजेड पडला की शाई गेली.

फोन काढला, मोजलं. दिवे चालू असताना भिंतीवर नुसता हॉलचाच उजेड शंभर लक्स. ऐंशी इंचांचं चित्र पावणेदोन चौरस मीटर भरतं, म्हणजे माझ्या ३३८ मधून चौरस मीटरला मिळतात एकशे नव्वद. कागद २९०, शाई १००. तिप्पटसुद्धा फरक नाही. पडद्याजवळचे दोन दिवे बंद केले, एका खिडकीला वर्गातल्या ताईंची शाल अडकवली, तर हॉलचा उजेड पंचवीसवर आला. मग चित्र साठ इंचांवर आणलं. आता कागद ३६०, शाई २५. चौदा पट! शाई परत आली, कागदाचा पिवळटपणासुद्धा आला. मागच्या रांगेला खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या, एवढंच. चित्र मोठं करायची हौस सगळ्यांना असते. मला लहान करण्यात यश आलं.

तेव्हापासून वर्गाच्या आदल्या रात्री स्कॅनही थोडे तयार करते. कागदाचा रंग उजळ, शाई गडद, एवढंच. मूळ प्रत शेजारी ठेवते, नाहीतर विद्यार्थ्यांना वाटेल अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद इतका गोरा असतो.

कीस्टोनबद्दलही एक तक्रार आहे. हल्लीच्या प्रोजेक्टरांना ते आपोआप करायची खोड असते. जरा टेबलाला धक्का लागला की चित्र थरथरतं, चौकोन शोधतं, स्वतःला नीट करतं. पण ते नीट करणं म्हणजे कोपऱ्यातले ठिपके वापरायचेच नाहीत आणि उरलेल्यात चित्र चेपून बसवायचं. उजेडही जातो, ठिपकेही. सिनेमाला चालतं. टाकाच्या अक्षराला नाही. मी ते बंद करते आणि प्रोजेक्टर पडद्याच्या मधल्या उंचीला समोर ठेवते, हॉलमधल्या स्टुलावर, खाली दोन जाडे शब्दकोश. चित्राच्या रुंदीच्या १.३५ पट अंतर लागतं, म्हणजे साठ इंचांना पावणेदोन-एक मीटर. त्यामुळे स्टूल पहिल्या रांगेच्याही पुढे येतं आणि वर्गाला प्रोजेक्टरच्या आतल्या पंख्याची घरघर ऐकू येत नाही. ती मला ऐकू येते.

घरचं प्रकरण थोडक्यात. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा, दिवाण आणि कपाट सोडून आठ फूट अंतर मिळतं. तेवढ्यात ऐंशी इंच होतं, रात्री दिवे घालवल्यावर अगदी झकास. नवऱ्याने पहिल्या मॅचला शेजारच्यांना बोलावलं. फोनवरून चित्र पाठवायला गेला तर स्कोअरबोर्डाच्या जागी काळा चौकोन, आवाज चालू. ओटीटीवाल्यांचं कुलूप असतं, फोनवरून आरसा धरून दाखवायला ते देत नाहीत. प्रोजेक्टरच्या आतलं अँड्रॉइड आहे, पण त्याला सगळ्या कंपन्यांची मान्यता नाही, म्हणून नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स त्यावर एकतर चालत नाहीत किंवा जुन्या सीडीसारखं धूसर चित्र देतात. शेवटी टीव्हीवर ओटीटी दाखवणारी जुनी स्ट्रीमिंगची काडी काढून प्रोजेक्टरला एचडीएमआयमध्ये खोचली, तेव्हा मॅच सुरू झाली. तोवर दोन विकेट गेल्या होत्या. आतल्या स्मार्टपणासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत तेव्हा झालं. काडी दुसरी घेता येते, भिंग दुसरं घेता येत नाही.

आवाज बाहेरच्या ब्लूटूथ स्पीकरवर घेतला तर बॅटचा टोला चेंडू सीमेजवळ पोचल्यावर ऐकू यायचा. आता वायर लावतो.

सासूबाई पूर्ण मॅच दिवाणावर बसून होत्या. संपल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "भिंतीला ओल आलीय. इतके दिवस दिसत नव्हती."

पावसाळ्याची मला खरी काळजी आहे. भिंगाला बुरशी लागते, कॅमेऱ्यांना लागते तशी. आमच्याकडे समोर बिल्डिंग पाडतायत, धूळ तर बारा महिने. या प्रोजेक्टरचा आतला काचपट्टीचा भाग बंद आहे, हे मी घेताना विचारून घेतलं होतं. ज्यांचा उघडा असतो त्यांच्यात धूळ जाऊन पट्टीवर बसते आणि चित्रावर कायमचा ढग येतो. मोडीच्या वर्गात तर तो ढग म्हणजे नवा अनुस्वारच. भिंगावरची धूळ तेवढी दिसत नाही, ती फुंकणीने उडवते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आत्तापासून साठवतेय, चपलांच्या खोक्यांतल्या.

गिरगावच्या वर्गात एक काका येतात, वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे कल्याणचे. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर पंच्यातून बाहेर काढला तेव्हा ते म्हणाले, "शांबरिक खरोलिका!" अर्ध्या वर्गाला वाटलं शिवी दिली. मग त्यांनीच सांगितलं. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काचेच्या रंगवलेल्या पट्ट्या मॅजिक लँटर्नवर दाखवायचे खेळ सुरू केले, त्याचं हे नाव. पट्ट्या एकावर एक सरकवून चित्रं हलतीसुद्धा करायचे. १८९६ च्या जुलैत ल्युमिएरांचा सिनेमा काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात आला, त्याच्याही आधी. काकांच्या आवाजात असा अभिमान होता की जणू पट्ट्या त्यांनीच रंगवल्या.

त्या दिवशी आम्ही टाकाचं तेच पत्र घेतलं होतं. खालून तिसऱ्या ओळीत एक ठिपका आहे, झेरॉक्सच्या काळापासून तो वर्गाला छळतोय. मी तो भाग मोठा केला. शाईचा काळा ठिपका असता तर कडा नीट असती. याची कडा पसरलेली, तांबूस, कागदाच्या धाग्यांत झिरपलेली. डाग होता. चार वर्षं मी तो अनुस्वार म्हणून शिकवत होते.

काकांना तेवढ्याने पटेना. ते उठले आणि बोट ठेवून दाखवायला थेट पडद्यापाशी गेले. अख्खं पत्र त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, अर्धी ओळ टकलावर.

"काका, सावली!" मागून पाच-सहा जण ओरडले.

पुढच्या रविवारी त्यांनी घरून लाकडी फूटपट्टी आणली. तिचीही सावली पडते, पण बारीक.